उतरलेलं वजन राखायचं कसं?

वजन कमी कसं करावं हे सांगणाऱ्यांची आपल्याकडे वानवा नाही. एसटीत शेजारी बसलेला माणूस सांगतो, लग्नाच्या पंगतीत पाहुणे सांगतात, मोबाइलवर तर दिवसभर तेच चालू असतं. पण कमी झालेलं वजन पुढची दहा वर्षं तसंच राखावं कसं, हे सांगणारं फारसं कोणी भेटत नाही. आज मी तेवढ्या एकाच विषयावर बोलणार आहे.

लातूर जिल्ह्यातल्या शिरूर अनंतपाळ या तालुक्याच्या गावी मी गेली २२ वर्षं दवाखाना चालवते. माझ्याकडे येतात ते शेतकरी, शिक्षक, दुकानदार आणि घर-शेत दोन्ही सांभाळणाऱ्या बाया. खेड्यात कुठला आलाय लठ्ठपणा, असं शहरातल्या लोकांना वाटतं. पण नांगरटीला ट्रॅक्टर आला, रानात जायला मोटारसायकल आली, सोयाबीनच्या राशीला मळणीयंत्र आलं. अंगावरचे कष्ट कमी झाले, ताटातल्या भाकरी मात्र कष्टाच्या काळातल्याच राहिल्या. वर चहा-खारी आली, गावोगावी वडापावचे गाडे आले, निलंगा राईस आला. मग पोट पुढे आलं आणि त्याच्या मागोमाग शुगर आणि बीपी आले.

लातूरकरांना आहाराच्या नियमांची ओळख नव्यानं करून द्यायला नको. डॉ. श्रीकांत जिचकर यांच्या विचारावर आधारलेला, दिवसातून दोनदाच जेवण्याचा कार्यक्रम डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी महाराष्ट्रभर पोहोचवला, आणि त्याची सुरुवात झाली तेव्हा ते लातूरच्याच शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात प्राध्यापक होते. कडक भूक लागेल त्या दोन वेळा ओळखायच्या, जेवण ५५ मिनिटांच्या आत संपवायचं, मधे काही खायचं नाही, गोड टाळायचं आणि रोज ४५ मिनिटं चालायचं. २०१८ च्या सुमारास तर आमच्या गावात पारावरही ‘५५ मिनिटं’ हाच विषय होता. त्या लाटेत माझ्या कितीतरी पेशंटांचं वजन उतरलं. माझंही उतरलं, ७१ किलोचे ६३ झाले.

पुढच्या वर्षा-दोन वर्षांत मात्र माझ्या वहीत दोन तऱ्हेची माणसं दिसायला लागली. काहींनी ते वागणं अंगवळणी पाडून घेतलं. ज्याला अनेक जण दीक्षित जीवनशैली म्हणतात, त्यातल्या ‘जीवनशैली’ या शब्दाचा अर्थ त्यांना कळला होता. दुसरी माणसं मात्र डाएटकडे व्रतासारखं पाहत होती. सोळा सोमवार करावेत, उद्यापन करावं आणि मोकळं व्हावं, तसं. दहा किलो उतरले, कौतुक झालं, जुने कपडे ढगळ झाले, उद्यापन झालं. आणि मग हळूहळू, महिन्याला पाव-अर्धा किलो या चालीनं, वजन परतीच्या वाटेला लागलं.

हे फक्त आपल्याकडेच होतं असं नाही. वजन उतरवण्याच्या दीर्घकाळ चाललेल्या २९ अभ्यासांचा एकत्रित आढावा अमेरिकेत घेतला गेला. उतरलेल्या वजनातलं निम्म्याहून जास्त वजन दोन वर्षांत परत आलं होतं आणि पाच वर्षांत ८० टक्के. आता इतक्या साऱ्या लोकांची जीभच ताब्यात नव्हती, असं म्हणून कसं चालेल? याचं कारण शरीराच्या घडणीत आहे, आणि ते समजून घेतल्याशिवाय उपाय सापडत नाही.

आमच्या भागातल्या म्हाताऱ्या माणसांना १९७२ चा दुष्काळ आठवतो. परदेशातून आलेली मिलो खाऊन, सुकडीवर दिवस काढून माणसं जगली. माणसाच्या शरीरानं हजारो वर्षं असले दुष्काळ काढलेले आहेत. त्यामुळे तुम्ही जेवण कमी करता तेव्हा ते आपल्या खुशीनं केलेलं आहे, हे शरीराला कळत नाही. त्याच्या लेखी तो दुष्काळच असतो, आणि ते दोन्ही बाजूंनी तयारीला लागतं. चरबीच्या पेशींतून लेप्टिन नावाचं एक संप्रेरक रक्तात येतं. घरातल्या कणगीत धान्य किती आहे, हे मेंदूला कळवणं हे त्याचं काम. चरबी कमी झाली की लेप्टिन कमी होतं आणि मेंदू समजतो, कणगी रिकामी होत चालली. तो भुकेची ओढ वाढवतो. तिकडे जठरातून येणारं घ्रेलिन हे भूक चाळवणारं संप्रेरक वाढतं. आणि त्याच वेळी शरीर आपला खर्चही आवरतं घेतं.

ही अवस्था डाएट संपल्यावर आठ-पंधरा दिवसांत जात असती, तर प्रश्न नव्हता. ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्न इथल्या डॉक्टरांनी ५० जणांना १० आठवडे अगदी कमी आहारावर ठेवलं. वजन चांगलं उतरलं. पण वर्षभरानंतर तपासलं, तरी भुकेची संप्रेरकं पूर्वीच्या पातळीवर आलेली नव्हती. हा अभ्यास २०११ सालचा. नंतर अमेरिकेतल्या केव्हिन हॉल यांच्या गटानं याचा हिशेब मांडला. उतरलेल्या प्रत्येक किलोमागे शरीराचा रोजचा खर्च २० ते ३० कॅलरींनी कमी होतो, आणि भूक मात्र सुमारे १०० कॅलरींनी वाढते. आता आपल्या भाषेत सांगायचं तर, आठ किलो उतरवलेल्या माणसाला पूर्वीपेक्षा मधल्या आकाराच्या चार भाकरींइतकी जास्त भूक लागते आणि त्याच्या शरीराला एक भाकरी कमी पुरते.

पेशंट मला विचारतात, “म्याडम, जेवण तर निम्म्यावर आणलंय, तरी वजन कामून वाढायलंय?” अशी माणसं खोटं बोलत नसतात. भूक रोज थोडी थोडी ढकलत असते, भाकरीचा चतकोर कधी वाढला हे ध्यानात येत नाही, आणि शरीर काटकसर करत असतं. हे समजलं की एक गोष्ट स्वच्छ होते. वजन उतरवणं आणि वजन राखणं ही दोन वेगळी कामं आहेत. पहिलं चार-सहा महिन्यांचं, दुसरं कायमचं.

२०१६ सालच्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं. पहिल्या गाडीत दहा वाघिणी होत्या, पाच लाख लिटर पाणी होतं. त्या पाण्यानं गाव तगलं. पण गाव कायम रेल्वेच्या पाण्यावर चालू शकत नाही, हेही प्रत्येकाला कळत होतं. पाणी अडवणं, मुरवणं, जपून वापरणं हे काम पाऊस पडल्यानंतरही चालूच ठेवावं लागतं. डाएट ही ती पाण्याची रेल्वे आहे. तिचं मोल आहेच. पण गाडी येणं बंद झाल्यावर काय करायचं, ते आधी ठरलेलं असावं लागतं.

मग हे रोजचं काम करायचं कसं? ज्यांनी वजन राखलं, त्यांच्याकडे पाहू. अमेरिकेत १९९४ पासून अशा लोकांची एक नोंदवही ठेवलेली आहे. तिच्यातल्या लोकांनी सरासरी ३० किलो उतरवून ते पाच वर्षांहून जास्त काळ राखलं होतं. कोणी कोणतं डाएट केलं, यात फार फरक होता. राखण्याच्या सवयी मात्र पुष्कळ सारख्या निघाल्या. दहातले नऊ जण रोज सरासरी तासभर व्यायाम करत, आणि बहुतेकांचा व्यायाम म्हणजे चालणं. चारातले तीन जण आठवड्यातून निदान एकदा वजन करत. आणि रोजचं जेवण साधारण एकसारखं, सणवाराला आणि रविवारी फार न बदलणारं.

तिथल्याच टीव्हीवरच्या वजन उतरवण्याच्या एका प्रसिद्ध स्पर्धेतल्या १४ जणांना सहा वर्षांनी पुन्हा तपासलं गेलं. सरासरी ५८ किलो उतरवलेल्या या लोकांचं सरासरी ४१ किलो वजन परत आलं होतं. त्यांच्यातही ज्यांनी पुष्कळसं राखलं, त्यांचा वेगळेपणा होता तो रोजच्या हालचालीत. वजन उतरवताना ताटाचा वाटा मोठा असतो. राखताना पायांचा वाटा वाढतो.

‘दिवसभर रानातच असतो की’ असं शेतकरी म्हणतात. पण खुरपणी आणि काढणी हंगामापुरती. बाकीचे महिने मोटारसायकलवरून रानात जाणं आणि बांधावर उभं राहून मोटार चालू करणं, याला चालणं म्हणता येत नाही. सकाळी गार वेळेला घरणी प्रकल्पाच्या दिशेनं निघालं, तर गाडीला किक मारण्याची गरज नाही. बायांना एकटीनं बाहेर पडायला संकोच वाटतो. आमच्या गल्लीतल्या सहा-सात जणी मिळून जातात. एकीचा आळस दुसरी मोडते. शिवाय आठवड्यातून दोन-तीनदा उठाबशा, भिंतीला हात लावून जोर, थोडं वजन उचलणं हेही हवं. कारण डाएटमध्ये चरबीबरोबर स्नायूही झिजतात, आणि शरीराचा बसल्या जागचा खर्च स्नायूंवर बराच अवलंबून असतो. जेवणात तुरीचं घट्ट वरण, मटकी, दही, चालत असेल त्यांना अंडी हवीत. नुसती भाकरी-चटणी खाऊन स्नायू टिकत नाहीत.

दुसरी गोष्ट, एक रेघ ठरवा. वजन जिथं स्थिरावलं तिथून दोन किलोवर. आठवडी बाजाराचा दिवस लक्षात राहतो, म्हणून मी पेशंटांना त्याच दिवशी सकाळी वजन करून भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहायला सांगते. काटा अर्धा-पाऊण किलो मागेपुढे होणारच. ते बहुधा पाणी आणि मीठ असतं. पण दोन किलोची रेघ ओलांडली आणि पुढच्या आठवड्यातही तीच राहिली, की डाएटचे पहिले पंधरा दिवस जसं जेवत होता तसं पुन्हा पंधरा दिवस जेवा. दोन किलो उतरवायला पंधरवडा-महिना लागतो, दहा किलोंना पुन्हा वर्ष. माझे ६३ चे ६५ झाले आणि मी ६५ वर रेघ मारली. तेव्हापासून ते तिथंच आहे. शेवटच्या आकड्याचा हट्ट धरण्यापेक्षा आपल्याला पेलेल असा आकडा धरावा.

काट्याबरोबर टेपही वापरा. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी दाखवून दिलं आहे, की भारतीय माणूस दिसायला सडपातळ असला तरी त्याच्या अंगात चरबीचं प्रमाण जास्त असू शकतं आणि ती पोटात साठते. पुरुषांची कंबर ९० सेंटिमीटरच्या आणि बायांची ८० च्या आत असावी, असं आपल्या देशातले डॉक्टर सांगतात ते यामुळेच. आपल्याकडे चार-पाच किलोंची चढउतारही साखरेत दिसते.

तिसरी गोष्ट घरच्या डब्यांची. एका माणसासाठी घरात वेगळं शिजवणं चार महिने चालतं, चार वर्षं चालत नाही. म्हणून घराचाच हिशेब बदलावा. चार माणसांच्या घरात महिन्याला पाच किलो तेल लागत असेल, तर माणशी रोज साधारण ४२ ग्रॅम तेल पोटात जातं, म्हणजे ३७५ कॅलरी. तेच तेल तीन किलोंवर आणलं, तर माणशी रोज दीडशे कॅलरी कमी होतात, आणि कोणाला डाएट केल्यासारखं वाटतही नाही. तेल बाटलीनं न ओतता पळीनं मोजून घालावं. दोन चमचे साखरेचे पाच चहा म्हणजे दोनशे कॅलरी. तिथं निम्मी साखर कमी करता येते. एक मात्र सांगून ठेवते. शुगरच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असलेल्यांनी जेवणाच्या वेळा मनानं बदलू नयेत. साखर एकदम उतरून चक्कर येऊ शकते. आधी डॉक्टरांना विचारावं.

घरातल्या बाईबद्दल वेगळं बोललं पाहिजे. ती शेवटी जेवते आणि पातेल्यात उरलंसुरलं टाकवत नाही म्हणून तेही खाते. तिचं डाएट मोडतं ते अशा वेळी, आणि ते कोणाला दिसतही नाही. स्वयंपाक मोजून करणं, तिनं सगळ्यांबरोबर पंगतीला बसणं, आणि उरलं तर ते सकाळी सगळ्यांनी वाटून संपवणं, एवढ्यानंही तिचं वजन राहायला मदत होते.

सणांचं काय? आमच्याकडे वेळ अमावस्या, म्हणजे येळवस, हा मोठा सण. त्या दिवशी गाव ओस पडतं आणि रानं भरतात. भज्जी, उंडे, आंबिल, खीर; आपल्या शेतात जेवून झालं की शेजारच्या शेतात आग्रह. त्या दिवशी मोजूनमापून जेवा, असं मी कोणाला सांगत नाही. एक किलो चरबी वाढायला सात हजारांहून जास्त कॅलरी जादा जाव्या लागतात. त्या एका दिवसात जात नाहीत. वजन वाढतं ते दुसऱ्या दिवसापासून, उरलेली भज्जी चार दिवस संपवताना आणि ‘आता मोडलंच आहे’ असं म्हणताना. सणाच्या दुसऱ्या सकाळी नेहमीच्या वेळी चालायला निघालं की सण पचतो. खरा धोका असतो तो लांबलेल्या अडचणींचा. मुलीचं लग्न, घरातलं आजारपण, पेरणीची धावपळ. झोप कमी, जेवण अवेळी, चालणं बंद. अशा काळात वजन उतरवायचा विचारही करू नये. फक्त आठवड्याचं वजन आणि वीस मिनिटांचं चालणं एवढे दोन धागे सोडू नयेत.

अलीकडे इंजेक्शनांबद्दल विचारणारे खेड्यातूनही येतात. २०२५ पासून भूक कमी करणारी नवी औषधं आपल्या देशात मिळू लागली आहेत. ती गुणकारी आहेत, योग्य माणसाला डॉक्टरांच्या देखरेखीखाली उपयोगी आहेत. पण सेमाग्लुटाइड हे औषध बंद केल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनाचा दोन तृतीयांश भाग परत आला, असं २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं. म्हणजे औषध घेतलं तरी राखण्याचं काम सुटत नाही.

आता मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं ते सांगते. माझ्याकडे पन्नाशीतले एक शेतकरी येत. अकरा किलो उतरवले होते, साखर इतकी आटोक्यात आली की टप्प्याटप्प्यानं गोळ्या बंद करता आल्या. गावात सत्कार व्हायचा बाकी होता. दोन वर्षांत त्यातले नऊ किलो परत आले आणि त्यांचं येणं थांबलं. दीड वर्षानं आले ते पायाला बाभळीचा काटा लागून चिघळलेली जखम घेऊन. साखर तीनशेच्या वर. इतके दिवस का आला नाहीत, असं विचारलं, तर खाली मान घालून म्हणाले, “कोणत्या तोंडानं यावं? तुम्ही म्हणाल, परत फुगून आला.” पाय वाचला, पण एक बोट गेलं.

ते बोट वाढलेल्या वजनापायी गेलं, त्याहून जास्त लाजेपायी गेलं. वजन उतरल्यावर मधुमेह काबूत येतो, हे ब्रिटनमधल्या ‘डायरेक्ट’ नावाच्या प्रयोगातही दिसलं. वजन उतरवणाऱ्या गटातल्या ४६ टक्के लोकांची साखर वर्षानंतर औषधाविना आटोक्यात होती. पण दुसऱ्या वर्षाअखेर ते प्रमाण ३६ टक्क्यांवर आलं. वजन परतलं की साखरही परतू शकते. म्हणून गोळ्या सुटलेल्या माणसानंही तपासणी सोडायची नसते. वर्षातून निदान एकदा तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी करायचीच.

आणि काही वजन परत आलं म्हणून केलेलं सगळं वाया गेलं, असंही नाही. अमेरिकेतल्या ‘लुक अहेड’ या मोठ्या अभ्यासात मधुमेह असलेल्या लोकांना आहार-व्यायामाची सतत साथ दिली गेली. आठ वर्षांनंतरही त्यातल्या निम्म्या लोकांनी मूळ वजनाच्या पाच टक्के तरी घट राखली होती. ऐंशी किलोंच्या माणसाला पाच टक्के म्हणजे चारच किलो. पण त्यांचाही साखरेला आणि रक्तदाबाला उपयोग होतो. चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांच्या २००६ सालच्या अभ्यासात तर मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या लोकांचं वजन फारसं न उतरताही, निव्वळ चालण्या-जेवण्यातल्या बदलानं मधुमेह होण्याचं प्रमाण २८ टक्क्यांनी कमी झालं. काटा हलला नाही, तरी पाय हलले त्याचं फळ मिळतंच.

तेव्हा श्रोतेहो, घरात कोणाचं वजन परत वाढलेलं दिसलं, तर त्याच्या पोटाकडे बोट दाखवू नका. उद्या सकाळी त्याच्याबरोबर चालायला निघा. आणि ज्यांचं वाढलं आहे त्यांना माझं सांगणं एवढंच, दोन किलो वाढले की आपल्या डॉक्टरांकडे जा. दहा वाढले असतील, तरीही जा. आम्ही काटा पुढे सरकवतो तो पुढचं ठरवण्यासाठी, मागचा जाब विचारण्यासाठी नव्हे.